मुका झटका

"मावशी, छातीत दुखतं का? हो की नाही, एवढंच सांगा. कहाणी नको."

डाक्टर माझ्याकडं बघत नव्हता, कागदाकडं बघत होता. मी म्हटलं, छातीत नाय दुखत. पण जिना चढले की खालचा जबडा दुखतो. दाढा पडल्यात तिथंबी दुखतो. गार घाम येतो, आणि दोन्ही खांदे कुणी वरून दाबून धरल्यासारखे होतात.

तो शेजारच्या फॉर्म भरणाऱ्या पोरीला म्हणाला, "'नाही' लिही."

मग बाकड्यावर बसलेल्या आम्हा कँटीनच्या बायांवरनं नजर फिरवून म्हणाला, "या वयात बायकांचं काय दुखत नाही, ते विचारायला पाहिजे."

सगळ्या हसल्या. मी पण हसले.

नुसती हसले असते तर एक वेळ ठीक. मी पदर तोंडाला लावून हसले. साहेबाला वाटावं, बाई लई मर्यादेची आहे. माझ्याच जबड्याची चेष्टा आणि मीच त्याच जबड्यानं हसतेय. तेव्हा मी अठ्ठावन्नची होते. आता सहासष्टची झाले, म्हणून तेव्हाच्या त्या बाईला पोरगी म्हणायचा आणि तिचे कान धरायचा हक्क मला आहे.

कँटीनमध्ये परत आल्यावर रुखसानानं मला अडवलं. रुखसाना माझ्या शेजारच्या पोळपाटावर बारा वर्षं पोळ्या लाटत होती. ती एकटी हसली नव्हती. म्हणाली, "तू कायकू हसी?"

मी म्हटलं, अगं मोठा माणूस आहे, गंमत केली त्यानं.

"तेरे जबडे की गंमत?" एवढंच म्हणाली आणि पिठात हात घातला.

हे सगळं शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत झालं. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याचा अभ्यास चालू होता. कुणाला हृदयाचा झटका येणार, कुणाला लकवा मारणार, ते आधीच ओळखायचं आणि येऊ द्यायचं नाय, असा तो अभ्यास. काम चांगलं होतं, आजबी मी त्याला वाईट म्हणत नाय. माझा बाप असाच गेला. शेतातनं आला, बसला, गेला. त्याला कुणी आधी सांगितलं असतं तर, असं माझ्या मनात होतंच. म्हणून मी नाव दिलं. दर सहा महिन्यांनी ते कंपनीत येणार, रक्त काढणार, बीपी बघणार, छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढणार आणि फॉर्म भरणार.

पहिल्या वेळी सगळी माहिती कॉम्प्युटरमध्ये घातली आणि प्रत्येकीला एकेक कागद मिळाला. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे जपा, हिरवा म्हणजे कमी धोका. माझा हिरवा निघाला. आता या शहाणीचं कौतुक ऐका. मी रिक्षा करून क्रांती चौकात गेले आणि त्या कागदाला लॅमिनेशन करून आणलं. घरी देवाशेजारी खिळा ठोकून लावला. आल्यागेल्याला दाखवला. रुखसानाचा पिवळा आला होता, तर तिला दोन दिवस मीठ कमी खा, तेल कमी खा म्हणून शिकवत बसले. तिनं ऐकून घेतलं. तिच्या जागी मी असते तर लाटणं फेकून मारलं असतं.

दुसऱ्या वेळी तो प्रसंग झाला, जबड्याचा. त्याच दिवशी आणखी एक झालं.

साहेब लोकांची तपासणी वरच्या मजल्यावर होती. एसी, खुर्च्या, बिस्किटं. चहा घेऊन मला पाठवलं. खरेदी खात्याचे साहेब त्याच डाक्टरासमोर बसले होते. साहेब म्हणाले, काही विशेष नाही, कधीकधी जरा कसंतरीच होतं. बस, एवढंच. कसंतरीच. डाक्टर उठून उभा राहिला. कसं होतं, केव्हा होतं, जेवल्यावर की चालल्यावर, घाम येतो का, हात जड होतो का, सगळं विचारलं. तिथंच झोपवून पट्टी काढली. आणि फॉर्मवर खाली एक मोठा चौकोन होता, 'इतर तक्रारी' लिहिलेला, त्यात त्यानं स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या. चहाचा कप मी त्या कागदाशेजारीच ठेवला. मला मराठी वाचता येतं, सातवी झालेय मी. चौकोन मी नीट बघितला.

बघितला आणि काय केलं? ट्रे घेऊन खाली आले. मनात आलं, साहेबांना बिचाऱ्यांना त्रास दिसतोय.

खाली जाताना फॉर्म भरणारी पोरगी जिन्यात भेटली. चांगली पोरगी, घाबरट. तिच्या हातात कागदांचा गठ्ठा होता आणि एका कागदावर काहीतरी खोडलेलं होतं. मी गमतीनं म्हटलं, पांढरी शाई लाव की. ती म्हणाली, नाही मावशी, अभ्यासात तसं चालत नाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. मला ते लई आवडलं. चूकबी दिसली पाहिजे आणि दुरुस्तीबी. माझ्या सासरी कुणी असं केलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणून मी तिला हसवलं. माझ्या कागदावर कुठली चूक आहे, ते काही माझ्या टाळक्यात आलं नाय.

दोन महिन्यांनी कँटीनमध्ये सकाळच्या पोळ्या चालू असताना जबडा धरला. असा धरला की तोंड उघडंना. पाठीतनं गार घाम. लाटणं हातातनं सुटलं. डोळ्यापुढं सगळं पिवळं पिवळं. रुखसाना म्हणाली, "ये गॅस नइं है. चल उठ, बडे दवाखाने चल."

मी नाय म्हटलं. कुणाचं ऐकायची रीत नव्हती ना आमच्यात. घराजवळच्या लहान दवाखान्यात गेले. तिथल्या डाक्टरनं विचारलं, छातीत दुखतंय का?

मी म्हटलं, "नाही."

एका शब्दात. मला पढवलं होतं तसं. जबड्याचं तोंडावर आलं होतं, पण वाटलं, कशाला, पुन्हा हसतील. वर आणखी मी घरनं पोराकरवी तो हिरवा कागद मागवला आणि डाक्टरला दाखवला. हे बघा, मला होऊच शकत नाय. त्यानं ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. मी घरी येऊन पडले.

आठ दिवस पडून होते. न्हाणीपर्यंत चालले तरी दम लागायचा. नवव्या दिवशी रुखसाना रिक्षा घेऊनच दारात आली. मला काही विचारलं नाय, चपला पुढं टाकल्या. सरकारी दवाखान्यात चार तास रांग. आत एक तरुण डाक्टरीण होती, डोळे तारवटलेले, सकाळपासनं पाणी प्यालेली नसावी. तिनं पट्टी काढली, दोनदा बघितली.

"आजी, झटका येऊन गेलाय. केव्हा त्रास झाला? काय काय झालं ते सांगा."

काय काय झालं ते सांगा. असं मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मी सांगत सुटले. जबडा, घाम, खांदे. ती लिहीत गेली. म्हणाली, बऱ्याच बायांना असंच होतं, छातीत दुखतच नाही. मग म्हणाली, हृदयाचा एक भाग मेलाय, तो परत यायचा नाही, उरलेला जपू.

कँटीन सुटलं. जिना सुटला. पाण्याची घागर सुटली.

महिनाभरानं अभ्यासाच्या दवाखान्यातनं फोन आला, कंपनीतनं कळलंय, सगळे कागद घेऊन येऊन जा. त्यांच्या भाषेत झटक्याला इव्हेंट म्हणतात. लकव्यालाबी इव्हेंट, मरणालाबी इव्हेंट. पहिल्या वेळी मला विचारलं होतं, काही इव्हेंट झालाय का, तर मी म्हटलं होतं, झाला की, नातीचं बारसं. त्याच्यावर ते आठवडाभर हसले असतील. आता माझा खरा इव्हेंट झाला होता. मला वाटलं, आता तरी नीट विचारतील.

तोच डाक्टर, तीच पोरगी. रुखसाना माझ्यासोबत. डाक्टर या वेळी गोड बोलला. मावशी, तुमचा सायलेंट होता. म्हणजे मुका झटका. काही त्रास न होता येऊन गेला, म्हणून तो आपल्या अभ्यासात धरत नाहीत. नियमच आहे तसा, समिती कागद बघून ठरवते. तुमच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलंय, त्या लहान दवाखान्याच्या कागदावरबी छातीत दुखणं नाही, आणि सरकारी दवाखान्यात सांगितलेलं नऊ दिवसांनंतरचं, ते धरत नाहीत. तेव्हा इथं एक सही करा, की कुठलीही लक्षणं नव्हती.

कागद माझ्यापुढं सरकवला. पेन उघडून दिलं.

मी पेन हातात घेतलं होतं, खोटं कशाला सांगू. अर्धी सवय, अर्धी भीती. मग त्या शब्दाकडं बघितलं. मुका. मी सांगितलं होतं. नऊ बायांदेखत सांगितलं होतं. जबडा बोलला, घाम बोलला, खांदे बोलले. मुकं कोण होतं मग?

आणि तिथं बसल्या बसल्या मला दुसरं कळलं, ते जास्त वाईट होतं. यांच्या कॉम्प्युटरनं मला हिरवा कागद दिला होता. माझा झटका मोजला तर तो कागद खोटा ठरतो. नाय मोजला तर कागद खराच राहतो. उद्या माझ्यासारखी दुसरी कुणी येईल, जबडा दुखतो म्हणेल, तिलाबी हिरवा मिळेल. तीबी लॅमिनेशन करायला जाईल.

मी पेन खाली ठेवलं.

"सही नाय करणार. तुमच्या कागदावर 'नाही' लिहिलंय ना, त्याच्यावर एक आडवी रेघ मारा. बाजूला लिहा, जबडा, गार घाम, दोन्ही खांदे. तारीख टाका. मी सांगितलं तेव्हाची आणि आजची, दोन्ही टाका."

पोरगी खाली बघायला लागली. डाक्टर म्हणाला, मावशी, असं करता येत नाही, फॉर्ममध्ये तेवढी जागा नसते.

"खरेदीच्या साहेबांच्या फॉर्मात होती. चार ओळींची. मी चहा ठेवला त्याच्या शेजारी."

डाक्टरचे कान लाल झाले. मग तो मला मावशी म्हणायचा थांबला. म्हणाला, अभ्यासात राहायची सक्ती नाही, तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता, तुमचा हक्क आहे.

"बाहेर नाय पडत. मी आतच राहणार. मला काय झालं ते तुमच्या कागदावर आलं पाहिजे."

त्यानं कागद ओढून घेतला आणि कडेला मोकळ्या जागेत बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. पोरीला वाचून दाखवायला मी लावलं. 'सहभागी महिलेने सही करण्यास नकार दिला.'

रुखसाना म्हणाली, "देखो, जगह निकल गई."

त्या दिवशी मी हसले. पदर न लावता, असलेले नसलेले सगळे दात दाखवून.

पण जिंकले वगैरे नाय. नाव देताना दिलेल्या कागदांच्या शेवटच्या पानावर तक्रार करायचा पत्ता होता. मी दोन पानी पत्र लिहिलं, माझ्या हातानं. उत्तर आलं, आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. कुठं घेतली, काय घेतली, ते नाय. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा स्वतः गेले, तर अभ्यास संपला, आता माहिती दुसरीकडं गेली म्हणाले. कुठं? ते सांगता येत नाही. माझा झटका कुणाच्या हिशोबात धरलाय की नाय, मला आजबी माहीत नाय. माझं हृदय, त्याचा मेलेला तुकडा, आणि तो मेला की नाय हे ठरवणारी समिती मी कधी बघितलीबी नाय. राग येतो. आठ वर्षं झाली, कमी होत नाय. कमी व्हावा असं मला वाटतबी नाय.

आता नवा अभ्यास आलाय. नवा दवाखाना, नवे डाक्टर, कॉम्प्युटर म्हणे लई हुशार. आमच्या भागात शिबिरं घेतात. बाया विचारायला येतात, जावं का. मी सांगते, जा. जरूर जा. आपण गेलो नाय तर आपलं दुखणं त्यांच्या पुस्तकात येणारच नाय. पण हो की नाही विचारलं तर लगेच उत्तर देऊ नका. कहाणी नको म्हटलं तर कहाणीच सांगा. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखव म्हणा. चुकलं असेल तर रेघ मारायला लावा.

मागच्या शिबिरात एका डाक्टरनं मला विचारलं, आजी, तुम्ही पेशंट की कुणासोबत आलात? मी म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, मग बाहेर बसा, तुमचा नंबर नाही.

बाहेर नाय बसले. इथून पुढंबी बसणार नाय. शेजारची बाई बोलतेय ते पूर्ण लिहून होईपर्यंत मी तिथनं उठणार नाय, आणि तिलाबी उठू देणार नाय.