याच्या मुली कुठं आहेत?

बाईंना रेडा दाखवला की त्या रेड्याकडे बघायच्याच नाहीत. समोर काळंकुळकुळीत, तेल चोपडलेलं, शिंगांची जिलबी झालेलं जनावर, शेजारी छाती काढून मालक, आणि बाई चपलेची माती झटकत विचारणार, "याच्या मुली कुठं आहेत?" फार्मवरच्या गड्यांनी त्यांचं नावच पाडलं होतं, बेटीवाली मॅडम.

मागच्या हिवाळ्यात पोरगा मला पानिपतकडे जनावरांच्या मेळ्यात घेऊन गेला. जाऊन पस्तावलो. एका रेड्याला फेटा बांधला होता, गळ्यात नोटांची माळ. बदाम खातो म्हणे. पोरंपोरी त्याच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढत होती. घेरी येईल असा अत्तराचा वास मारत होता बिचारा. मी मालकाला विचारलं, "इसकी बेटियाँ कहाँ हैं?" तो खो खो हसला. "क्यों ताऊ, रिश्ता करना है क्या?" सगळे हसले, माझा पोरगाही हसला. मला शिसारी आली. त्यांची आली, पण खरं सांगायचं तर एकेकाळी फेटा बांधणारा मीच होतो, त्याची जास्त आली.

मी चौथी नापास. पानिपतच्या रस्त्याला, दिल्ली संपते तिथल्या एका म्हशींच्या फार्मवर रेडे सांभाळायला लागलो आणि तिथंच केस पिकले. बाई अकोल्याकडच्या, गुरांच्या डॉक्टर. नवरा केंद्र सरकारात, म्हणून दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या आणि रोज जीपने यायच्या. शेडमध्ये मराठी आम्हा दोघांनाच कळायची. त्यामुळे त्या मला चारचौघांत, हसतमुखानं झापायच्या. "मामा, तुमच्यापेक्षा हा खुंटा बरा, हलवला तर हलतो तरी." बाकीच्यांना वाटायचं, मॅडम गावाकडची खुशाली विचारतायत.

माझा रेडा सरदार. त्याच्यासारखा रेडा मी पुन्हा पाहिला नाही, हे आजही म्हणेन. दुसरा होता मोडक्या. लहानपणी भांडणात एक शिंग गेलेलं, कान फाटलेला. बघवायचा नाही. बाईंचा जीव मात्र मोडक्यावर. मी म्हटलं, "असलं मोडकं बियाणं वाढवायचं?" तर म्हणाल्या, "शिंग मारामारीत मोडलं, मामा. ते रक्तात नाही. तुमचं बोट कापलं म्हणून तुमच्या मुलाला बोट कमी आहे का?"

आणि मग त्यांचं नेहमीचं. "रेडा दूध देत नाही. मग त्याचं दूध बघायचं कुठं? मुलीत." एकाच शेडमधल्या, एकच चारा खाणाऱ्या म्हशींचं दूध त्या रोज मापायच्या. मोडक्याच्या मुली आपल्या आयांच्या वरचढ निघाल्या. सरदारच्या मुली आयांच्या खाली. मी म्हटलं, मापात चूक असेल. बाईंनी माप माझ्या हातात दिलं. मी मापलं. तेवढंच भरलं. तरी मी मानलं नाही. मानणारा मी नव्हेच.

कुठली म्हैस कुठल्या रेड्याला दाखवायची, याची यादी बाई करायच्या. सरदारची मुलगी चांदणी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, अजून न व्यालेली वगार, तिच्यापुढे त्यांनी मोडक्याचं नाव लिहिलं होतं. ती माजावर आली त्या दिवशी बाई नव्हत्या. सरदारची लेक त्या फाटक्या कानाच्याला द्यायची? मी तिला सरदारकडेच नेलं. चोख रक्त चोख राहील, अशी माझी अक्कल. जन्माच्या वहीत मात्र कारकुनाला बाप म्हणून मोडक्याचं नाव लिहायला लावलं.

दहा महिन्यांनी चांदणी व्याली. रेडकू देखणं, बापासारखं. उभं राहिलं, आईला लुचलं. शेपटीखाली मात्र शेण पडायला वाटच नव्हती. मागचं दार बंद. तिसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं फुगलं आणि ते गेलं. बाई रजेवर होत्या. मी ते भिंतीमागं पुरलं, वहीत लिहायला लावलं नाही. कळलं असतं तर सरदारला काढला असता. त्याचं रेत तेव्हा बारीक कांड्यांत गोठवून म्हशी गाभण करायला गावोगावी जात होतं. ते तसंच जात राहिलं.

बाई परतल्या आणि चांदणीजवळ थांबल्या.

"मामा, ही दूध देतेय."

"हो, देते की."

"मग पिल्लू कुठंय?"

"मेलं. थंडीनं."

"पुरलंत कुठं?"

फावडं मागवलं. मीच उकरलं. असा वास सुटला की गडी नाकाला फडकं लावून पळाले. बाई हातमोजा चढवून उकिडव्या बसल्या, शेपटी उचलली, पाहिलं.

"बाप कोण?"

"मोडक्या."

"मामा."

मी फावड्याकडे बघत म्हटलं, "सरदार."

त्यांनी शेपटी खाली सोडली. मग शांतपणे म्हणाल्या, "सरदारमध्ये हा दोष अर्धाच होता, दडलेला. म्हणून तो धडधाकट. तो अर्धा मुलीत गेला, तिच्यातही दडला. दर वेळी जुळतातच असं नाही, पण तुम्ही बापलेक एकत्र आणलेत आणि दोन्ही अर्धे या पिल्लात जुळले. वर दडवलंत. आता कुठल्या कुठल्या गोठ्यात त्याच्या मुली उभ्या असतील, सांगा मला." हातमोजा काढताना म्हणाल्या, "मला शिसारी आलीय, मामा. या वासाची नाही."

सरदारच्या उरलेल्या कांड्या नष्ट केल्या. सरदारलाही नेलं. त्याचा दोर मी गाडीवाल्याच्या हातात दिला आणि त्या दिवसापासून बाईंशी बोलणं सोडलं. सरदारच्या मुली त्याच्याच रक्ताच्या रेड्याला दाखवू नका, हे सांगत त्या उन्हातान्हात जीपनं गावं पालथी घालत होत्या. मला बरोबर नेलं नाही. मीही म्हटलं नाही, येतो म्हणून.

त्यांची बदली झाली त्या दिवशी मी मोडक्याला घासत होतो. पाठीमागं चपलेचा आवाज आला. मी वळलो नाही. कारकून हिंदीत कुरकुरत होता, "मैडम, इनको? इनको तो ठीक से लिखना भी नहीं आता!" काहीतरी गव्हाणीच्या कठड्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग बाई मराठीत म्हणाल्या, फक्त मला कळेल असं, "अक्षर कसंही चालेल, मामा." जीप गेली तेव्हा मी वळून बघितलं. जन्माची वही होती.

आठवडाभर मी तिला हात लावला नाही. मला वाटलं, बाईनं जाताजाता तोंडाला काळं फासलं. शेवटी उघडली. चांदणीच्या नावापुढं पिल्लाचे रकाने कोरे होते. एवढी टापटिपीची बाई, पण ती ओळ त्यांनी स्वतः भरली नव्हती. मोडक्याचं नाव तेवढं एका रेघेनं खोडलं होतं.

एक ओळ लिहायला मला अर्धी दुपार लागली. आई चांदणी. बाप सरदार. मागचं दार बंद, तिसऱ्या दिवशी मेलं. पुढं कुठलाच रकाना नव्हता. तरी कागदाच्या कडेला, मावेल तेवढ्या जागेत, पुरणाऱ्याचं नाव लिहिलं.