शिक्क्याची सांधलेली कड

वरच्या मजल्यावरच्या काकांकडे रविवारी परातीत पाणी असायचं आणि त्यात पाकिटांचे कोपरे भिजत पडलेले असायचे. आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला. काका मानपाड्याच्या बाजूला रंगाच्या कंपनीत केमिस्ट होते. त्यांची बोटं कधी निळी असायची, कधी जांभळी. काकू म्हणायच्या, "यांची बोटं बघितली की कंपनीत कुठली ऑर्डर चालू आहे ते कळतं." डिंक सुटला की काका चिमट्याने तिकीट उचलायचे आणि वर्तमानपत्रावर पालथं घालायचे. मी शेजारी मांडी घालून बसायचे. हात लावायची परवानगी मला दुसरीत मिळाली.

बाकीचे तिकिटं जमवणारे लोक कोरं, स्वच्छ तिकीट शोधतात. काकांचं उलटं होतं. त्यांना तिकिटावरचा पोस्टाचा शिक्का हवा असायचा, तोही आपल्याच भागातला. ठाणे, कल्याण, डोंबिवली, दिवा, विठ्ठलवाडी. बंद झालेली पोस्टं, नाव बदललेली पोस्टं. "तिकिटं छापखान्यात ढिगाने छापतात," ते सांगायचे. "शिक्का माणसाच्या हातचा असतो. त्या दिवशी, त्या टेबलावर, त्या माणसाने उठवलेला. शिक्का खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी कुणाही गुरुजींच्या वाक्यापेक्षा घट्ट धरून ठेवलं, त्याला कारण आमचं घर. माझे वडील वाईट नव्हते, पण 'नक्की' हा त्यांचा लाडका शब्द होता. दिवाळीला सायकल नक्की, मे महिन्यात महाबळेश्वर नक्की. आई एवढ्यांदा 'बरं' म्हणाली होती की तिने पुढे ऐकणंच सोडलं. काकांनी मात्र "चारला ये" म्हटलं की चारला दार उघडं असायचं. मोठ्या माणसाचा शब्द खरा होऊ शकतो हे मला त्या दाराने शिकवलं. त्यामुळे पुढे जे झालं ते नुसतं एका छंदातलं भांडण नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

मी चौथीत असताना वाढदिवसाला त्यांनी मला एक साधं हिरव्या तिकिटाचं पाकीट दिलं. पत्ता कुणा परक्याचा. मी हिरमुसले. मग त्यांनी भिंग हातात दिलं. शिक्का डोंबिवलीचा होता आणि तारीख माझ्या जन्माची, सालासकट. "तू जन्मलीस त्या दिवशी हे इथल्या पोस्टात पडलं होतं," काका म्हणाले. मी ते पाकीट शाळेत नेलं, उशाशी ठेवलं, आणि भावाने त्याला हात लावला म्हणून त्याला चावलेसुद्धा.

नव्वदीच्या मध्यावर मी कॉलेज संपवून स्टेशनजवळच्या एका डीटीपी सेंटरमध्ये लागले. लग्नपत्रिका, लेटरहेड, गणपती मंडळांच्या पावत्या. मालकांनी पुढे स्कॅनर घेतला आणि फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर घातलं. नवरदेवाच्या गालावरचे डाग काढता काढता मला एक गोष्ट सापडली. त्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर वेगवेगळे बघता येतात. काकांचं राजाच्या चेहऱ्याचं एक जुनं लाल तिकीट मी गंमत म्हणून स्कॅन केलं आणि नुसता लाल थर उघडला. राजा गायब! लाल रंग कागदासारखा पांढरा झाला आणि त्यावर काळा शिक्का तेवढा उरला. मी संध्याकाळी जिने चढत धावत गेले आणि काकांना हाताला धरून दुकानात आणलं. त्यांनी खिशातलं भिंग काढून पडद्यावर धरलं. मग म्हणाले, "अगं, चाळीस वर्षं मी डोळे फोडून घेतले, आणि तू राजालाच उठवून लावलंस."

तिथून आमचं काम सुरू झालं. दुकान बंद व्हायच्या आधीचा तास मालकांनी आम्हाला देऊन टाकला होता. हिरव्या तिकिटाला हिरवा थर, निळ्याला निळा. तपकिरी तिकिटं फार छळायची, तिथे दोन थरांची भेसळ करावी लागे. मग उरलेले डाग खोडरबराने पुसायचे, फिकट रेघा गडद करायच्या. काकांना ठाण्याच्या प्रदर्शनासाठी आपल्या भागातल्या शिक्क्यांचा तक्ता करायचा होता. तिकिटाचा तुकडा आणि शेजारी त्यावरून वेगळा काढलेला शिक्का, मोठा करून. खाली आमची दोघांची नावं. हे काकांनी आपणहून ठरवलं होतं. मला त्या नावाची एवढी हौस होती की कुठल्या टाइपात घालायचं ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

काकांचा जीव अडकला होता कल्याणच्या एका जुन्या छावणीतल्या पोस्टात. ते कधीच बंद झालेलं. त्याचा पूर्ण शिक्का असलेलं पाकीट त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे होती तीन सुटी तिकिटं, आणि प्रत्येकावर शिक्क्याचा एकेक तुकडा, कारण उरलेला भाग पाकिटावर राहून गेलेला. मी तिन्ही तुकडे वेगळे काढले आणि एकमेकांवर बसवले. नाव जुळलं, वर्तुळ जवळजवळ पूर्ण झालं. उजवीकडे खाली एक कड कुठल्याच तिकिटावर नव्हती. तिथे मी ठाण्याच्या त्याच धर्तीच्या शिक्क्याची कड कापून डकवली. सांध्यावर माऊस जरा घसरला आणि रेघेत एक बारीक पायरी राहिली.

"काका, इथे पायरी राहिलीये. उद्या साफ करून देते."

"राहू दे गं," काका म्हणाले. "खऱ्या शिक्क्यातसुद्धा असतंच असं."

मग त्यांनी तो शिक्का मोठा नको, मूळ मापात हवा म्हणून सांगितलं. तोही बटर पेपरवर, काळा कुळकुळीत. बटर पेपरवरची प्रिंट आम्ही ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, बनवायला पाठवायचो, हे मला माहीत होतं. पण काकांच्या बाबतीत डोक्यात तसं काही येणारच नव्हतं. मला वाटलं, तक्त्यात खरं मापही दाखवायचं असेल. मी प्रिंट काढून पुठ्ठ्यात घालून दिली, घडी पडू नये म्हणून.

प्रदर्शन ठाण्याला एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. मी नवी साडी नेसून गेले. काकांच्या जागेवर तक्ता नव्हता. तिकिटांचे तुकडे ओळीने लावले होते, आणि मधोमध एक अख्खं पाकीट. पिवळट कागद, राजाचं लाल तिकीट, आणि अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर असा त्या छावणीच्या पोस्टाचा पूर्ण शिक्का. माझी पहिली भावना आनंदाची होती, खोटं कशाला सांगू? काकांना शेवटी मिळालं, असंच वाटलं. मी काचेला नाक लावलं. उजवीकडे खाली, सांध्यावर, पायरी होती.

असा शिक्का जगात कुठल्याच पोस्टात नव्हता. त्याचे तीन तुकडे कल्याणचे होते, एक ठाण्याचा, आणि ती पायरी माझ्या घसरलेल्या हाताची. माझ्या बटर पेपरवरून ठसा करून घेतला असणार, आणि जुनी शाई करणं रंगाच्या केमिस्टला काय कठीण? मी काकांच्या निळसर बोटांकडे पाहत राहिले.

"काका, ही पायरी माझी आहे."

"हळू बोल," ते म्हणाले, आणि मला व्हरांड्यात घेऊन गेले. तिथे त्यांचा चेहरा एकदम थकल्यासारखा झाला. "मुंबईची मंडळी अख्खी पाकिटं घेऊन येतात. आपल्याकडे नुसते तुकडे. दर वेळी आपण शेवटच्या भिंतीवर. आणि मी काय खोटं केलं? तो शिक्का होताच ना कधीतरी? मी परत उभा केला, एवढंच."

"तुम्ही सांगायचात, शिक्का खोटं बोलत नाही."

त्यांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, "उद्या काढून घेतो. शब्द देतो तुला."

मी विश्वास ठेवला. मला दुसरं काही येतच नव्हतं त्यांच्या बाबतीत. शेवटच्या दिवशी मी गेले ती फक्त रिकामी जागा बघायला. पाकीट तिथेच होतं आणि त्यावर पहिल्या बक्षिसाची फीत लावलेली होती. संयोजक, एक पांढऱ्या शर्टातले गृहस्थ, चार जणांना त्याचं महत्त्व समजावून सांगत होते. काका हात मागे बांधून उभे होते. माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "हा शिक्का खरा नाही. मी कॉम्प्युटरवर तुकडे जोडून बनवलाय."

संयोजकांनी काकांकडे पाहिलं. आणि काका हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवून, लहानपणी ठेवायचे तसाच, म्हणाले, "अहो, आमच्या बिल्डिंगमधली मुलगी. हे पाकीट मी हिलाच दिलं होतं स्कॅन करायला, डाग साफ करून बघायला. त्यात तिचा गोंधळ झालाय. दिवसभर लग्नपत्रिका करते ना, डोळे दमतात पोरीचे."

सगळे हसले, प्रेमाने. संयोजक मला म्हणाले, "ताई, यांना आम्ही किती वर्षं ओळखतो!" माझ्याकडे काय पुरावा होता? दुकानातल्या फाइलीत तोच शिक्का होता, पायरीसकट. आता ती फाइल पाकिटाचाच स्कॅन ठरून त्यांचीच साक्ष देणार होती. वडिलांनी मला हजार वेळा फसवलं, पण मला खोटी पाडून कधी फसवलं नाही. तो हात मी डोक्यावरून झटकला आणि बाहेर पडले. स्टेशनपर्यंत रडत गेले, आणि लोक बघतात याचीही मला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना मी वाढदिवसाचं पाकीट बरोबर घेतलं. ते खोटं असणारच, अशी माझी खात्री झाली होती. चौथीतल्या पोरीला खूश करायला एखादा आकडा बदलणं त्या माणसाला काय जड होतं? जेवणाच्या सुट्टीत मी पाकीट स्कॅनरवर पालथं घातलं आणि हिरवा थर उघडला. तिकीट विरून गेलं. शिक्का मोठा करत गेले, पडद्यावर नुसते काळे चौकोन दिसेपर्यंत. एकेक आकडा तपासला. कुठे खाडाखोड नाही, कुठे सांधा नाही. तिकिटाच्या कडेवरून पाकिटावर उतरताना रेघ जराही तुटत नव्हती. शाई कागदाच्या धाग्यांत सगळीकडे सारखी मुरलेली होती. वर्तुळ एका बाजूला किंचित दुहेरी उमटलं होतं, शिक्का उठवणाऱ्याचा हात हलल्यामुळे. असं कुणाला मुद्दाम जमत नाही.

खरा होता. काकांनी माझी तारीख शोधत पाकिटांचे ढीग उपसले असणार, एका पोरीसाठी. मला तो खोटा हवा होता. खोटा निघाला असता तर तिथेच टराटरा फाडून टाकला असता आणि मोकळी झाले असते. मी पाकीट पुसून परत पिशवीत घातलं. मालकांनी विचारलं, काय गं, काय झालं? मी म्हटलं, डोळे दमलेत.

त्या संध्याकाळी घरी येताना काका जिन्यात भेटले. भाजीची पिशवी हातात, एक पायरी वर थांबलेले. "आलीस का गं?" त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, पण आवाज जरा बारीक होता. मी "हो" म्हटलं. पुढचा 'काका' नेहमीसारखा तोंडाशी आला होता, तो मी गिळला आणि त्यांच्या बाजूने वर निघून गेले.