सत्कारातला झेंडा

पेशंटच्या पोटावर हात ठेवण्याआधी मॅडम तो हात स्वतःच्या गालाला लावून बघायच्या. गार लागला तर दोन्ही तळवे खसाखसा घासायच्या, मगच तपासायच्या. तोवर तोंड चालूच. "काहून गं, आता येऊन राहिली? नऊ महिने पुरले न्हाईत का तुला?" पहिल्यांदा आलेली बाई पोटातली कळ विसरून त्यांच्याकडं बघतच राहायची. केस मक्याच्या तुऱ्यासारखे, डोळे निळे, आणि बोलणं वसमतजवळच्या कुरुंदा गावच्या म्हातारीचं.

ते बोलणं त्यांच्या सासूबाईंचं. आमचे डॉक्टर युक्रेनला शिकायला गेले आणि तिथल्या एका नर्सशी लग्न करून परत आले. सासू-सून एकाच चुलीपुढं बसल्या, त्यामुळं मॅडम मराठी शिकल्या ती थेट कुरुंद्याची. नांदेडहून आलेले मोठे डॉक्टर हसायचे. मॅडम त्यांनाही सुनवायच्या, "हसून काय राहिले? समजलं ना? मग बराबर हाय."

मी धुळ्याकडची. शाळा सातवीत सुटली. नवऱ्याला इकडच्या साखर कारखान्यात काम लागलं म्हणून वसमतला आले. तो वारला तेव्हा माघारी जावं तर कुणाकडं, हे कळेना. दवाखान्यात काम मागायला गेले तेव्हा मॅडमनी एकच विचारलं, "घर लांब हाय का तुझं?" हो म्हटलं. "माझं बी," म्हणाल्या आणि कपाटाच्या चाव्या माझ्या हातात दिल्या. तेव्हापासून मला रोज वाटायचं, आज काहीतरी चुकेल आणि चाव्या परत द्याव्या लागतील.

तिकडं रशिया-युक्रेनची लढाई सुरू झाली आणि वसमतला सगळ्यांना मॅडमची काळजी लागली. भाजीवालीसुद्धा विचारायची, "तुमचं कोण जिंकून राहिलं?" मॅडम म्हणायच्या, "दवाखान्यात कोण जिंकत न्हाई. बीपी दाखव." बाहेरच्या टीव्हीवर बातम्या लागल्या की त्या स्वतः उठून मालिका लावायच्या.

मी बघायचे ते एवढंच. दुपारी ओपीडी संपली की एक फोन, आईला. संध्याकाळी लागला तर दुसरा, भावाला. भाषा मला दोन्हीकडची सारखीच वाटायची. पण दुपारच्या फोनला मॅडम खुर्चीत बसायच्या आणि संध्याकाळच्या फोनला उभ्या राहायच्या. भाऊ फौजेत आहे हे मला माहीत होतं. कोणत्या फौजेत, ते कधी विचारलं नाही.

मग गजू आला. हळदीच्या मार्केटातला हमाल, आणि तिथल्या पोरांच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याची बायको अडली होती तेव्हा मॅडमनी तिला आणि लेकराला, दोघांनाही वाचवलं होतं. मंडळानं मॅडमचा सत्कार ठरवला.

"मावशी, मॅडम रशियाच्याच ना? पक्कं सांगा. फ्लेक्स छापायचंय."

मला बरं वाटलं, कुणीतरी मला काही विचारलं म्हणून. "हो रे," म्हटलं. "डॉक्टर शिकले युक्रेनात, पण मॅडमचं कपाट मीच आवरते. लाल पासपोर्ट आहे त्यांचा. तिकडचं अक्षर, दोन तोंडांचा गरुड."

गजूनं मोबाईलवर बघून खात्री केली. "बराबर! रशियाच."

स्टँडच्या रस्त्याला फ्लेक्स लागलं. वर शाल घेतलेल्या मॅडम, मागं रशियाचा झेंडा, खाली मंडळाची तेवीस पोरं गॉगल लावून. 'रशियाची कन्या, वसमतची सून.' मॅडम त्या रस्त्यानं जातच नसत. त्यांनी ते पाहिलं थेट कार्यक्रमाला, स्टेजवर चढताना; मागं तेच लावलं होतं.

तुम्ही असता तर तुम्हालाही काही दिसलं नसतं. मॅडम हसत होत्या. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या, सगळं मार्केट टाळ्या वाजवत होतं. शाल झाली, नारळ झाला, मग गजूनं कागदाचा एक झेंडा त्यांच्या हातात दिला. मॅडमनी तो धरला. फोटो निघेपर्यंत धरला. खाली येऊन शालीची घडी घातली आणि मला विचारलं, "त्यांना कोण सांगितलं?"

"मी," म्हटलं. "कपाटात बघितलं होतं."

"दुसरा पासपोर्ट निळा हाय, युक्रेनचा," त्या म्हणाल्या. "खालच्या कप्प्यात, माझ्या लग्नाच्या कागदांत. वडील युक्रेनचे. आई रशियाची, वडील गेल्यावर माघारी माहेरी गेली. भाऊ वडिलांच्या गावात, तिकडच्याच फौजेत." मग म्हणाल्या, "तू जे पाहिलं ते सांगितलं. तुझी काय चूक?"

चाव्या माझ्याकडंच राहिल्या. त्या मागितल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला पुढं किती दिवस वाटत राहिलं.

गजूनं फोटो फेसबुकवर टाकला, वर मॅडमचं नाव जोडून. तिसऱ्या दिवशी भावाचा मेसेज आला. मॅडमनी तो मला मराठीत सांगितला, औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसा. "आता मला फोन करू नको." त्यानंतर मॅडम रोज संध्याकाळी फोन लावायच्या तो वाजायचाच नाही. तरी लावायच्या. उभ्या राहूनच.

पोरांना हे कळल्यावर सगळीजणं मान खाली घालून दवाखान्यात आली. गजू म्हणाला, "मॅडम, तकलीफ झाली. आमी उद्याच युक्रेनच्या झेंड्याचं फ्लेक्स लावतो. डबल साइज."

मॅडम हसल्या. खरंच हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मग आई फोन बंद करील रे. आणि तिनं न्हाई केला तरी तिच्या शेजारचे तिला जगू देतील का?"

गजूनं जाऊन फ्लेक्स उतरवलं. त्याचं पुढं काय केलं, मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर मॅडमच्या आईला लकवा झाल्याचं कळलं. ती घरात एकटी. डॉक्टर म्हणाले, माणूस लावू, पैसे पाठवू. सासूबाई म्हणाल्या, "भाऊ कायमचा तुटंल गं बाई. तिकडं गेलेली त्याला कळलं तर मेल्यावरबी तोंड बघणार न्हाई." मॅडम वॉर्डात बाळाला दुपट्यात गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "आईला पाणी कोण पाजंल?" आणि बाळ आईच्या कुशीत दिलं. बास. त्यापुढं त्या विषयावर मी एक शब्द ऐकला नाही.

मॅडम लाल पासपोर्टवर रशियाला गेल्या. इथला फोन दवाखान्यातच ठेवला, पेशंटचे फोन त्याच नंबरवर येतात म्हणून. महिन्याभरात येते म्हणाल्या होत्या. आता पाचवा महिना आहे. आई अजून अंथरुणावर आहे, परतीचे कागद अडकलेत, असं डॉक्टर सांगतात. बायका येतात, वॉर्डात डोकावतात, आणि विचारतात, "गोरी बाई कुठं गेली?" मी सांगते, माहेरी.

परवा सकाळी तो फोन वाजला. व्हिडिओ कॉल. डॉक्टर ऑपरेशनला होते, म्हणून मी उचलला. दाढी वाढलेला एक माणूस. नाक मॅडमचंच. त्यानं काहीतरी विचारलं. मला कळलं नाही आणि कळलंही.

मी मराठीत बोलत सुटले. म्हटलं, दादा, तो झेंडा त्यांचा नव्हता हो, मी सांगितला पोरांना, दुसरा पासपोर्ट मला माहीत नव्हता, त्यांनी रोज संध्याकाळी तुम्हाला फोन लावला. तो ऐकत होता. त्याला एक अक्षर कळलं नसणार.

मग त्यानं पुन्हा तेच विचारलं. मी फोन घेऊन वॉर्डात गेले. एकेक खाट दाखवली. ऑफिसातली त्यांची खुर्ची दाखवली, हुकाला अडकवलेला पांढरा कोट दाखवला. नाहीत, म्हणून हात हलवला. कुठं गेल्या ते माझ्या तोंडून निघालं नाही, आणि निघालं असतं तरी मराठीतच.

त्यानं त्या खुर्चीकडं बराच वेळ बघितलं. मग मान हलवली, एकदाच, हळू. कुठं गेल्या, कुणाकडं, ते त्याला समजलं होतं.

मला वाटलं, आता ठेवील. त्यानं ठेवला नाही. मीही फोन खुर्चीसमोर धरून उभी राहिले.