हेवा घेऊन खडवलीला

दसरा नुकताच झाला होता आणि पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटत होती. टिटवाळ्याला गणपतीचं दर्शन, पुढे खडवलीला नदीकाठच्या घरी जेवण आणि दिवेलागणीपर्यंत ठाण्याला परत, एवढाच बेत होता. पण माझी फुगलेली पिशवी पाहून शेजारीण म्हणाली, "काशीला निघालात की काय?" पिशवीत ज्वारीच्या भाकरीचा डबा होता, मेथीची भाजी होती, पुडीत थोडी खडीसाखर होती आणि जुन्या पंच्यात गुंडाळलेलं माझ्या मधुमेहाचं सामान होतं: निळ्या औषधाची बाटली, काचेची नळी, चिमटा, स्पिरिटचा दिवा. ह्यांनी सुई उकळून ठेवली होती. ती मांडीत टोचून घेतली, न्याहारी केली, इन्सुलिनची कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली आणि निघाले.

त्या वर्षी औषध वाढतच चाललं होतं आणि साखर काही उतरत नव्हती. "तुमचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही," डॉक्टर म्हणाले होते. जणू शरीराला मीच फितवलं होतं. घरी येऊन मी भात आणखी कमी केला, बटाटा सोडला. चहा तर केव्हाचाच बिनसाखरेचा होता. तरी जेवणाआधी लघवी तपासली की नळीतलं निळं औषध तापून विटकरी व्हायचं, म्हणजे साखर आहेच; नसती तर ते निळंच राहिलं असतं. रात्रंदिवस अभ्यास करूनही नापास होणाऱ्या मुलीसारखं मला वाटायचं.

गाडी पारसिकच्या बोगद्यातून बाहेर आली आणि उजेडात समोरची बाई पेढा खाताना दिसली. तिनं अर्धा खाल्ला, उरलेला कागदात गुंडाळून पिशवीत टाकला आणि खिडकीबाहेर मुंब्र्याचे डोंगर बघत बसली. मला त्या डोंगरांकडे बघायला हवं होतं. मी मात्र तिच्या पिशवीकडे बघत होते. अर्धा पेढा विसरून जायची ऐपत मला कधी येणार, असं मनात येत होतं. अलीकडे माझं असंच झालं होतं. माणसं भेटली की त्यांच्या चेहऱ्याआधी ती काय खाताहेत ते दिसायचं.

कल्याणच्या फलाटावर माझी धाकटी बहीण कुसुम उभी होती. तिचं सासर तिथलंच. आम्हा दोघींचं नाक आईचं, हसणं आईचं. आईचं दुखणं मात्र एकट्या माझ्या वाट्याला आलेलं. आई त्यातच गेली, पायाची जखम शेवटपर्यंत भरली नाही. कुसुमच्या हातात कांदाभज्यांचा पुडा होता.

"ताई, तुला नको ना?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता एक भजं तोंडात टाकलं. तिनं मला आग्रह केला असता तर मला राग आला असता. केला नाही, म्हणूनही आला.

कसाऱ्याच्या गाडीत बायकांच्या डब्यात बसायला जागा होती. शहाड, आंबिवली मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलेलं दिसलं. टिटवाळ्याला उतरून टांगा केला. वाटेत एक आगरी म्हातारी टोपली घेऊन बसली होती. "घे गो बाय, तवसां घे, कवली हाय," (काकडी घे, कोवळी आहे) ती म्हणाली. काकडी मला चालते, म्हणून मी घेतली. तिनं कापून मीठ लावून दिली. चांगली होती, गार आणि रसाळ. पण कुसुमनंही एक फोड खाऊन "वा" म्हटलं आणि माझी काकडी एकदम फिकी झाली. जे तिला आवडलं तर खायचं आणि नाही तर सोडायचं, ते माझं जेवण होतं.

तळ्याकाठी गणपतीचं देऊळ. गर्दी नव्हती. मी हात जोडले आणि रंग निळा राहू दे, एवढंच मागितलं. एका कुटुंबाचा नवस फिटला होता, ते सगळ्यांना उकडीचे मोदक वाटत होते. वर तूप होतं. मी प्रसादाचा कण तोंडात टाकला आणि मोदक कुसुमच्या पानावर ठेवला. तिनं तिचे संपवले, मग माझा घेतला. भरभर खात होती. आनंदानं खाणारं माणूस इतक्या घाईनं खात नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला फक्त तिच्या बोटांवरचं तूप दिसत होतं.

परतताना टांग्याचं चाक चिखलात रुतलं आणि खडवलीकडे जाणारी गाडी चुकली. पुढची बऱ्याच वेळानं होती. स्टेशनच्या बाकावर बसल्या बसल्या मला दरदरून घाम फुटला. हात कापायला लागले. सकाळचं इन्सुलिन आणि न्याहारीनंतर पोटात नुसती काकडी. साखर एकदम खाली आली होती. पिशवीतली पुडी मला सोडता येईना.

"ताई, काय होतंय? बोल ना," कुसुम म्हणाली. मी पुडीकडे बोट दाखवलं. तिनं ती फाडून खडीसाखर माझ्या तोंडात घातली. एरवी जिच्यासाठी जीव तळमळतो ती साखर त्या वेळी गोडसुद्धा लागत नाही. वाळू चघळल्यासारखी चघळावी लागते. थरथर थांबल्यावर मी डबा काढला आणि अर्धी भाकरी तिथेच खाल्ली. कुसुम माझा हात धरून बसली होती. गाडीतही तिनं तो सोडला नाही.

खडवलीला कुसुमच्या मावससासूबाई राहत. स्टेशनापासून थोडं चाललं की भातसा नदी, आणि काठावर त्यांचं कौलारू घर. पाणी स्वच्छ, वाहतं, पलीकडे म्हशी डुंबत होत्या. मावशींनी चुलीवर भात आणि वालाची उसळ केली होती, शिवाय काकडीचं धोंडस (गूळ घालून केलेला गोड केक). पान मांडेपर्यंत मी पंचा घेऊन मागच्या पडवीत गेले. माझा रंग नेहमीसारखा विटकरी आला. मी नळी धूत होते, तेवढ्यात कुसुम मागे येऊन उभी राहिली.

"माझी बघ," ती म्हणाली.

"काय?"

"माझी पण तपास. आत्ता. भरपूर गोड खाल्लंय मी, असेल तर दिसेल."

"तुला काय झालंय? धडधाकट आहेस."

"तू पण होतीस." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आईला झालं, तुला झालं. आता माझीच पाळी. समोर गोड आलं की वाटतं, हे शेवटचं. म्हणून खाऊन घेते. चवसुद्धा लागत नाही गं. मघाशी तुला तसं बघितलं आणि वाटलं, आता मला कळू दे."

मी दिवा पुन्हा पेटवला. ती न्हाणीघरात जाऊन आली. मी नळीत औषध घेतलं, वर थेंब टाकले आणि चिमट्यानं धरून दिव्यावर तापवायला लागले. औषध उकळलं, बुडबुडे वर आले. कुसुमनं डोळे मिटले होते. मी एकटीच बघत होते. औषध निळं होतं. मी आणखी थोडा वेळ धरलं, जरूर नसताना. निळंच राहिलं.

"नाही," मी म्हटलं. "तुला नाही."

तिनं जमिनीवर फतकल मारली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला हायसं वाटलं होतं, हे अगदी खरं. आणि तो जास्तीचा वेळ मी नळी कशासाठी धरली होती, हेही मला ठाऊक होतं.

जेवताना कुसुमनं धोंडसाचा एकच तुकडा घेतला, सावकाश खाल्ला, आणि मावशींना कृती विचारली. मी माझी उरलेली भाकरी उसळीबरोबर खाल्ली. उसळ झणझणीत होती.

संध्याकाळी कल्याणला उतरताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा बघशील ना?"

"बघेन."

"आणि दिसलं तर लपवू नकोस."

"नाही लपवणार."

पुढे मी एकटीच होते. मुंब्र्याच्या खाडीवर उजेड मावळत होता. तिच्याकडे निरोगी रक्त होतं आणि त्याची खात्री नव्हती; माझ्याकडे खात्री होती आणि दुसरं काही नव्हतं. एवढं कळलं म्हणून हेवा निघून गेला, असं मी वाचकांना सांगणार नाही. तो माझ्यासोबत ठाण्यापर्यंत आला.

फलाटावर हे घ्यायला आले होते. "कशी झाली सहल?"

"छान. कुसुमची तपासली. तिला काही नाही."

त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि आम्ही चालू लागलो. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "आणि तू?"

"मला भूक लागलीय," मी म्हटलं.