लिंटेलपर्यंत आलेलं घर

पडदेवाल्या मावशींना कुणी बसलेलं पाहिलं असेल तर ते फक्त शिलाई मशीनसमोर, आणि तिथंही पाय चालूच असायचे. जेवताना दोनदा उठायच्या. सकाळचा चहा ओट्याशी उभ्यानं प्यायच्या. "हिच्या पायाला भिंगरी आहे, मी फक्त तिचा वारा खातो," असं त्यांचे यजमान चारचौघांत सांगायचे. हे यजमान म्हणजे मीटरवाले काका. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी तेहतीस वर्षं घरोघर फिरून मीटर वाचले होते आणि निवृत्त झाल्यावर मात्र ते जे खुर्चीत बसले, ते बसलेच. घाई हा शब्दच त्यांच्या कोशात नव्हता.

मावशींनी शिवणकाम सुरू केलं ते लेक पाळण्यात असताना. शेजारणीला तिच्या जुन्या चादरीचा पडदा करून दिला, तो बघून दुसरी आली, तिसरी आली. पुढं गावात नवी इमारत उभी राहिली की तिला खिडक्या किती, हे मावशी रस्त्यावरूनच मोजू लागल्या. ताबा मिळाला की लोक पहिला फोन त्यांना करायचे. तोंडात टेप धरून, कुणाच्या तरी नव्या स्टुलावर चढून त्यांनी हजारो खिडक्या मोजल्या. नव्या प्लास्टरचा ओलसर वास, फरशीवर पडलेला उन्हाचा चौकोन, रिकाम्या खोलीत घुमणारा स्वतःचाच आवाज, हे सगळं अनुभवून त्या घरी यायच्या आणि भरदुपारी ट्यूबलाइट लावायच्या. त्यांचं स्वतःचं घर दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेलं होतं. खाली सासऱ्यांच्या वेळच्या दोन खोल्या, वर मावशी-काकांनी मागाहून चढवलेली कामाची खोली. उजेड पुढून थोडा आणि मागून त्याहून थोडा.

गावाबाहेर त्यांचा एक लहानसा प्लॉट होता. पंधरा वर्षांपूर्वी शिलाईच्या पैशांतून घेतलेला. लेक सासरी गेली, काका निवृत्त झाले आणि मावशींच्या मनानं घेतलं की हे घर विकायचं नि तिथं बैठं, चारी बाजूंनी खिडक्यांचं घर बांधायचं. विचारणाऱ्याला त्या सांगायच्या, "यांचा गुडघा हो. जिना कुठं झेपतोय आता!"

काका यावर नुसता गुडघा चोळत बसायचे.

तेव्हा घरं भराभर खपत होती. समोरच्या घराला तीन दिवसांत गिऱ्हाईक मिळालं. गल्लीतला घरांचा एजंट सदा फोन कानाला लावूनच हिंडायचा, म्हणून सगळे त्याला हॅलोभाऊ म्हणायचे. तो म्हणाला, "मावशी, विक्रीची पाटी रंगवायला दिली तर रंग वाळायच्या आत घर गेलेलं असेल!"

एवढं ऐकल्यावर मावशी कसल्या थांबतात. त्यांनी साठवलेले पैसे काढले, ठेकेदार गाठला आणि पाया खणायला लावला.

"आधी हे विकू तर दे," काका म्हणाले.

"तोवर सिमेंट थांबणार आहे का? घर पाहावं बांधून म्हणतात, बघत बसून नाही."

पाया भरला, भिंती वर आल्या, आणि त्याच सुमाराला वारं फिरलं. कर्जाचे व्याजदर चढले. पेपरात ते छापून यायच्या कितीतरी आधी मावशींना ते गिऱ्हाइकांच्या पिशव्यांवरून कळलं होतं. एरवी लोक नव्या कापडाचे गठ्ठे घेऊन यायचे, आता जुने पडदे घेऊन येऊ लागले. "याचीच उंची कमी करून द्या, दोनाचा एक करा, खालची पट्टी उसवून लांबी निघते का बघा." एक बाई तर दिलेलं कापड परत मागायला आली. ताबाच घेत नाही म्हणाली, हप्ता झेपणार नाही. मावशींनी शिवून झालेले सहा पडदे घडी घालून तिच्या हातात दिले आणि त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या बांधकामाचा हिशेब मांडून पाहिला.

घर बघायला लोक यायचे, नाही असं नाही. रविवारी यायचे. हॅलोभाऊ शनिवारीच बजावून जायचा, "मावशी, तो कापडाचा पसारा दिसता कामा नये. खोली मोठी दिसली पाहिजे." मग मावशी ठाण खाटेखाली ढकलायच्या, मशीनवर चादर टाकायच्या, अर्धवट शिवलेले पडदे गोणीत कोंबायच्या. येणारे भिंतीवर टकटक करायचे, नळ सोडून बघायचे. एका बाईनं तर सरळ स्वयंपाकघरातला डबा उघडून आत डोकावलं. "जिना अरुंद आहे हो." "उजेड नाही." "कळवतो." कळवायचं कुणीच नाही. सोमवारी मावशी पुन्हा ठाण बाहेर काढायच्या आणि कात्री कुठं ठेवली ते शोधत घरभर फिरायच्या.

एकच जोडपं त्यातल्या त्यात खरं निघालं. बायको नर्स, नवरा लेथवर काम करणारा. त्यांना घर पसंत होतं, कारण दवाखाना पायी पाच मिनिटांवर होता. पण मागितलेल्या किमतीचा आठवा हिस्सा कमी देत होते. हॅलोभाऊ मावशींना बाजूला घेऊन कुजबुजला, "सोडून द्या. दोन महिन्यांत भाव वर येणार. लिहून देतो." मावशींनी सोडून दिलं. भाव आणखी खाली गेला. हॅलोभाऊनं काही लिहून दिलं नव्हतंच.

तिकडं ठेकेदाराची गाणी वेगळी होती. सळईचा भाव वाढला, वाळू मिळेना, विटांच्या ट्रकचं भाडं दुप्पट. "मावशी, माझा आकडा पंधरा दिवसांपुरता असतो. सोळाव्या दिवशी मलाही तो ओळखत नाही." साठवलेले पैसे संपले आणि काम लिंटेलवर थांबलं. म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत भिंती, आणि त्याच्यावर मोकळं आभाळ. कामगार दुसऱ्या साइटवर निघून गेले.

त्याच आठवड्यात ठेकेदार नकाशा घेऊन घरी आला. जमिनीवर पसरून म्हणाला, "खर्च कमी करायचा तर काहीतरी कापावं लागेल. तुमच्या शिवणाच्या खोलीतून तीन फूट काढू?"

"मुळीच नाही. माझं टेबलच तेरा फुटांचं आहे. त्यापेक्षा पुढचा व्हरांडा उडवा."

काका खुर्चीतून उठले. "व्हरांडा कुणासाठी होता?"

"अहो, तुम्ही काय, आतही बसाल."

"आतही बसेन. बाहेरही बसेन. तू सांगशील तिथं बसेन." काकांचा आवाज चढला तसा ठेकेदार नकाशाची गुंडाळी करू लागला. "मला या घरातून जायचंय का, हे विचारलंस कधी? गावभर माझा गुडघा मिरवलास. या जिन्यावरून मी आजही दिवसातून सहा वेळा चढतो, तुला चहा द्यायला! तुझ्या ध्यानात तरी आलंय?"

छत्तीस वर्षांच्या संसारात काका असे कधी बोलले नव्हते. आणि बोलले ते खरं होतं, हीच तर पंचाईत होती. गुडघा काकांचा होता, पण हौस मावशींची होती. ती सांगायची लाज वाटली म्हणून त्यांनी ती नवऱ्याच्या गुडघ्यावर बांधली होती.

त्यानंतर घरात नुसता अबोला. काका सकाळी साडेसहालाच बाहेर पडायला लागले आणि दहाच्या सुमाराला परत यायचे. जुन्या सोबत्यांकडे जाऊन माझी गाऱ्हाणी सांगत असतील, असं मावशींनी गृहीत धरलं. मशीनवर बसलं की सुई मोडायची. एकाच पडद्याची शिवण त्यांनी तीनदा उसवली. घर विकलं जात नव्हतं, बांधून होत नव्हतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

शेवटी न राहवून त्या एका सकाळी टेप घेऊन प्लॉटवर निघाल्या. किती फूट कापलं तर कुणाला किती उरतं, हे प्रत्यक्ष उभं राहूनच कळेल म्हणून. बसमधून उतरून पाहतात तर भिंतीला सायकल टेकवलेली, आणि आत काका. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, हातात बादली. शेजारच्या प्लॉटवरच्या नळाचं पाणी आणून ते मगानं भिंतीवर मारत होते. वरपासून खालपर्यंत, एकेक थर, कोपरे न सोडता.

"हे काय?" मावशी म्हणाल्या.

काका दचकले. "काही नाही. बांधकामाला पाणी लागतं. नाहीतर चिरा पडतात."

"दोन महिने झाले काम थांबून."

"ठेकेदारही तेच म्हणाला. भिंती कधीच पक्क्या झाल्या, म्हणाला, आता पाण्याची गरज नाही." काकांनी हातातला मग बादलीत टाकला. "पण सवय लागली. आणि इथं सकाळचं बरं वाटतं."

"आणि गुडघा?"

"आहे की. सायकल मारून मोकळा होतो."

मावशी दाराच्या चौकटीच्या जागी, उंबरठ्यावर बसल्या. मशीन नसताना बसल्या. त्यांना हसावं की रडावं ते कळेना. "मला हवं होतं हो हे घर," त्या म्हणाल्या. "मला. तुमच्या गुडघ्याला नाही."

"ते मला पाया खणला तेव्हाच कळलं होतं," काका म्हणाले. "तू सांगतेस कधी, याची वाट बघत होतो. मी म्हणजे काय, मीटर. नुसता फिरतो, कुणी येऊन वाचेपर्यंत बोलत नाही."

बरं झालं, आता सगळं सुरळीत, असं कुणाला वाटेल. पण चारच दिवसांत ठेकेदार एक प्रस्ताव घेऊन आला. एका हार्डवेअरच्या दुकानदाराला ते अर्धं बांधकाम आहे तसं हवं होतं. विटा-सिमेंटचे आजचे भाव पाहता नव्यानं पाया घालण्यापेक्षा त्याला हे परवडत होतं. मावशींचा सगळा खर्च निघून वर थोडं उरणार होतं. ठेकेदार म्हणाला, "मावशी, असं गिऱ्हाईक परत मिळणार नाही."

मावशी रात्रंदिवस त्यावरच घुटमळत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी काकांसमोर उभ्या राहिल्या. "देऊन टाकू. तुम्हाला इथंच राहायचंय ना? राहू. उजेडाचं काय, ट्यूब आहेत."

"देणार नाही," काका म्हणाले.

"अहो, तुम्हीच तर..."

"तेव्हा म्हणालो होतो. आता दोन महिने पाणी घातलंय मी त्याला. कुणा दुकानदाराला द्यायला घातलं नाही."

मग पुन्हा भांडण. फक्त या वेळी मावशी राहायचं म्हणत होत्या आणि काका जायचं. ठेकेदार मध्ये बसून आळीपाळीनं दोघांकडं बघत होता. "तुमचं काय ते एकदा ठरवा," तो शेवटी म्हणाला, "म्हणजे मला कुणाला तरी नाही म्हणता येईल."

काकांनी त्यालाच नाही म्हटलं.

आता छपरासाठी पैसे हवे होते, म्हणून मावशींनी हॅलोभाऊला न विचारता नर्सबाईंना स्वतः फोन लावला. त्या संध्याकाळी ड्यूटीवरून तशाच आल्या. पायातल्या चपला काढता काढताच म्हणाल्या, "मावशी, खोटं कशाला सांगू, तेव्हाचे पैसेही आता जमणार नाहीत. बँकेनं कर्ज कमी मंजूर केलंय. सहावा हिस्सा कमी होईल."

मावशींनी मनातल्या मनात फरक मोजला. तेव्हा दिलं असतं तर! पण समोर बसलेली बाई काही लुटायला आली नव्हती. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, आणि ती जिन्याच्या पायऱ्या मोजत नव्हती, दवाखाना किती जवळ आहे ते मोजत होती. मावशींनी काकांकडं पाहिलं. काकांनी मान हलवली.

"चहा घेणार?" मावशी म्हणाल्या. सौदा झाला तो असा.

मग कापाकापी झाली, पण दोघांनी मिळून. दोन खोल्यांवर स्लॅब पडला, शिवणाच्या खोलीवर पत्रे. बाहेरून प्लास्टर नाही, विटा तशाच उघड्या. व्हरांडा चार फुटांचा राहिला, एक खुर्ची आणि दोन पाय मावतील एवढा. वरच बनवून घेतलेलं तेरा फुटी टेबल जुन्या जिन्यावरून उतरेना, तेव्हा सुतारानं मधोमध कापून खाली आणलं आणि नव्या घरात लोखंडी पट्ट्या मारून जोडलं. जोडावर कापड सरकवताना अजून अडकतं. नव्या ठिकाणी गिऱ्हाईक येईना, तेव्हा मावशी स्वतः बसनं गावात जाऊन मापं घेऊ लागल्या. पत्र्याखाली दुपारी अंग भाजून निघायचं. पण उजेड मात्र असा यायचा की सुईत दोरा ओवायला चष्मा लागायचा नाही.

आठ महिने गेले आणि बाजार फिरला. जुन्या गल्लीत शेजारचं घर विकलं गेलं. हॅलोभाऊनं आवर्जून फोन करून आकडा सांगितला. "मी म्हणालो नव्हतो? थोडं थांबायचं होतं, मावशी."

मावशी तीन दिवस या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिल्या. चौथ्या दिवशी काकांनी व्हरांड्यातून हाक मारली, "अगं, किती तोटा झाला ते एकदा मोठ्यानं सांगून टाक. मनात ठेवून घर झिजवू नकोस."

मावशींनी सांगितला. काकांनी ऐकून घेतला, शीळ घातली. "बराच झाला की," ते म्हणाले. "आणि हॅलोभाऊ म्हणतो तसं थांबलो असतो, तर या भिंतींवर छप्पर कुठल्या भावानं पडलं असतं?"

हे मावशींनाही ठाऊक नव्हतं. ठेकेदारालाही नसावं. त्या दारात आल्या. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर कुणीतरी चुन्याची फक्की टाकून पाया आखला होता, आणि दोन माणसं दोरी धरून उभी होती. मावशींची नजर आपोआप खिडक्या कुठं येतील ते शोधू लागली. मग त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालीस?"

"आलेच. विटा कुठून आणतायत ते विचारते. आपल्याला पुढं कुंपणाची भिंत लागणारच आहे."

"अगं, बस की जरा!"

पण त्या तोवर रस्ता ओलांडूनही गेल्या होत्या.