वारांच्या रांगेतले ग्रह

सूर्यमालेतले ग्रह मी वारांच्या क्रमाने चिकटवले. मधोमध रवी, मग सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. प्रकल्प शेजारच्या सई आणि मुक्ताचा, दोघीही सातवीत. उद्या सकाळी बाई प्रदर्शनासाठी वर्गातून एकच प्रकल्प निवडणार होत्या. "काका, नक्की ना?" सईने दोनदा विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "अगं, लहानपणापासून पाठ आहे मला."

आता मुक्ता पुस्तक उघडून बसली होती. एकदा पुस्तकाकडे बघे, एकदा माझ्याकडे. दुधात पाणी आहे का हे बघणाऱ्या बाईची नजर असते, तशी. मला आधी पुस्तकाचाच संशय आला. हल्ली छापतात काहीही. मग थर्माकोलच्या गोळ्यांकडे पाहिलं आणि संशय हळूहळू माझ्याकडे सरकला. केवळ पाठ आहे म्हणून खरं धरलेलं, कधीच न तपासलेलं, असं माझ्याकडे आणखी काय काय असेल? घरच्यांचे स्वभावसुद्धा मी असेच पाठ करून ठेवलेत.

"आणि पृथ्वी कुठंय?" मुक्ताने विचारलं.

तिचा वार नसतो, त्यामुळे ती राहूनच गेली होती. गोंद तर वाळून दगड झालेला.

पट्टीच्या कडेने सईने एकेक गोळा हलकेच सोडवायला घेतला. मदत म्हणून मी शुक्राला हात घातला, तशी ती मान वर न करता म्हणाली, "काका, तुम्ही नुसता पुठ्ठा धरा."