एकावन्न टक्क्यांचा ड्रायव्हर

नोकरीत हाताखालून किती फायली गेल्या याचा हिशेब नाही. पण ही एक मला अजून पाठ आहे. मी तेव्हा सोलापूर ग्रामीणला पोलीस निरीक्षक होतो. सांगोल्याच्या बाजूला डाळिंबाचे दाणे गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना होता. तिथल्या शीतगृहात अमोनियाची गळती झाली आणि कुंभारीचा एक ऑपरेटर जागीच गेला. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. कारखान्याच्या वतीने जबाबदार धरायचा तो संचालक, म्हणून मी कंपनीचे कागद मागवले.

कागद एकदम स्वच्छ होते. एकावन्न टक्के शेअर्स जवळच्याच वस्तीवरच्या एका माणसाचे आणि संचालकही तोच. उरलेले एकोणपन्नास टक्के मॉरिशसमधल्या एका कंपनीचे, आणि ती कंपनी सगळीच्या सगळी युरोपातल्या एका बड्या कंपनीची. युरोप लांब होता, वस्ती जवळ होती. सकाळी साडेनऊला मी संचालकाला ठाण्यात आणले.

पांढरा गणवेश, खिशात गाडीची किल्ली. मी विचारले, “कंपनी तुझी?”

“न्हाय वो सायेब. मी कारखान्याच्या सल्लागार सायबांचा डायवर हाय.”

“मग या सह्या कुणाच्या?”

“माज्याच हायेत. जमीन घ्यायला सातबारावाला मानूस लागतो म्हनले. दावतील तितं केल्या.”

असे भोळे चेहरे मी पुष्कळ पाहिले होते. त्यातले निम्मे पक्के बिलंदर निघतात. मी अटकेचे कागद टाइप करायला सांगितले. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. मला पाहून उठली आणि म्हणाली, “सायेब, किती वरसं ठिवत्याल ह्यास्नी?” मी तिला बसायला सांगून आत वळलो.

तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे एक बाई होती आणि मागे भांड्यांचा आवाज; कारखान्याच्या कॅन्टीनमधली कोणीतरी असावी. “नाव इचारू नका. तुमी मालकाला धरलाय न्हवं? मग त्या मालकाची रजा कुनी नामंजूर केली, त्ये बगा की.” एवढे बोलून तिने फोन ठेवला.

मला स्वतःचाच राग आला. कुठल्याही कचेरीत खरा साहेब ओळखायचा तर रजा कोण देतो ते बघा, हे मी नव्या शिपायांना दरवर्षी शिकवत असे. आणि आज स्वतः शेअर्सची टक्केवारी वाचत बसलो होतो.

कारखान्यात जाऊन पंचांसमक्ष फायली ताब्यात घेतल्या. रजेच्या फायलीत ड्रायव्हरचा अर्ज सापडला. ‘मेंढ्या कातरायच्या आहेत, भावकी गोळा होणार आहे, दोन दिवस रजा मिळावी.’ वर लाल शाईत ‘नामंजूर’ आणि सल्लागाराची सही. दुरुस्तीच्या फायलीत मयत ऑपरेटरची चिठ्ठी होती: व्हॉल्व्ह गळतोय, प्लांट बंद करावा. त्यावर ‘चालू ठेवा’. तीच लाल शाई, तीच सही.

सल्लागाराला बोलावले. माणूस गुळगुळीत. “मी फक्त सल्ला देतो. निर्णय संचालकांचे.” मी दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. “संचालकांना मेंढ्या कातरायला घरी जायचे होते. नामंजूर हा सल्ला झाला की हुकूम?” त्याने पाणी मागितले. दुपारपर्यंत त्याच्या बॅगेतून आणखी एक करार बाहेर आला. ड्रायव्हरने आपले मतांचे सगळे हक्क आधीच सल्लागाराला लिहून दिले होते आणि सल्लागाराने मॉरिशसच्या सूचनेप्रमाणे वागायचे होते. म्हणजे एकावन्न टक्केवाल्याचा शब्द शून्य.

मालकीचे असे मजले चढवणे हा गुन्हा नाही, हे सांगायला हवे. परक्या मुलखात पैसा घालताना कंपन्या कर बघतात, धोका बघतात, तिथले जमिनीचे कायदे बघतात, स्थानिक भागीदार घेतात. बहुतेक जण ते सरळपणे करतात. इथे मात्र स्थानिक भागीदार घेतला होता तो वेळ आली की तुरुंगात पाठवायला. मी सल्लागाराला अटक केली. वरच्या मजल्यांना पत्रे गेली. युरोपातून वकिलाचे उत्तर आले की आम्ही केवळ अल्प भागीदार आहोत. तो करार मी दोषारोपपत्राला जोडला आणि उत्तर त्याच्याखाली लावले.

त्याच दिवशी संध्याकाळी ड्रायव्हरला सांगितले, तू साक्षीदार आहेस, घरी जा. तो जागचा हलेना. “म्हंजे कंपनी माजी न्हाय न्हवं? नक्की?” मालकीसाठी डोकी फोडणारे मी शेकड्याने पाहिले, मालकी गेली म्हणून डोळ्यांत पाणी आलेला हा एकच. मग म्हणाला, “राजीनामा द्यावा म्हनतो सायेब. पर कुनाला दिऊ? कागदावर मालक मीच की.”

ठाणे खो खो हसले. त्याची बायकोसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मला हसता आले नाही. सकाळी टाइप करायला सांगितलेले अटकेचे कागद माझ्या टेबलावर तसेच पडले होते. फक्त माझी सही राहिली होती, आणि तो फोन आला नसता तर मीही दाखवतील तिथे ती करून मोकळा झालो असतो.